नाव नको, शब्द सांग

मी एक जुना शब्दकोश आहे. की जुनी डिक्शनरी आहे? मित्रांनो, माझ्या आयुष्यातला पहिला घोळ असा माझ्यापासूनच सुरू होतो. माझ्या पुठ्ठ्यावर ‘इंग्रजी-मराठी शब्दकोश’ असं छापलं होतं, म्हणून मी स्वतःला ‘तो’ समजतो. पण सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या ज्या खोलीत माझी हयात गेली, तिथं सगळे मला ‘बाईंची डिक्शनरी’ म्हणतात. चालायचंच. दुसऱ्यांचे घोळ निस्तरता निस्तरता स्वतःचा घोळ मिटवायला मला सवड झाली नाही.

माझ्या पोटात शब्द ओळीनं उभे आहेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. माझं आयुष्य मात्र त्या ओळीनं घडलं नाही. जुनं पुस्तक टेबलावर उभं धरून सोडून दिलं की ते आपोआप एखाद्या पानावर उघडतं. जिथं माणसांचे हात जास्त वेळा पोचले, त्या पानावर. मी तसाच उघडत जाणार आहे. पानं मागंपुढं होतील, गोष्ट मात्र पुढंच जाईल.

*

अवॉर्ड. नाम. बक्षीस. पान ५८.

या शब्दावर हळदीचा डाग आहे.

त्याच्या आधीचं मला थोडंच आठवतं. शाई, खळीचा आंबूस वास, दोऱ्यानं शिवतानाचे टोचे. मग माढा तालुक्यातली एक शाळा, टाळ्या, आणि महिपती नावाच्या पोराचे घामेजलेले हात. इंग्रजीत पहिला आल्याबद्दल मी त्याला बक्षीस मिळालो होतो.

महिपतीनं मला घरी नेलं. त्याच्या आईनं, बजाबाईनं, मला दोन्ही हातांत घेतलं, डोक्याला लावलं आणि थेट देवापुढच्या पाटावर ठेवलं. हळद, कुंकू, वर एक झेंडूचं फूल.

“आये, वाचायचं हाय ते.”

“हात धुऊन ये. मग बघू.”

महिपती हात धुऊन येईपर्यंत म्हैस ओरडायची, नाहीतर कुणीतरी हाक मारायचं. अशी दहा वर्षं गेली. मित्रांनो, माझी पूजा रोज होत होती आणि मला कुणीच वाचत नव्हतं. पूजेची सवय लागते, हे मी मान्य करतो. पण फुलाच्या ओलाव्यानं माझी पहिली साठ पानं एकमेकांना चिकटली होती.

पुढं महिपती सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कामाला लागला. तिथं त्याच्या शेजारच्या टेबलावर नागनाथ बसायचे. नागनाथांची बायको मनकर्णा शिक्षिकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. एका रविवारी महिपतीनं मला पिशवीतून काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

“वैनी, पाटावर बसून बसून ह्याच्या पायाला मुंग्या आल्यात. तुमी तरी वाचा.”

मनकर्णानं चाकूच्या बोथट बाजूनं माझी साठ पानं एकेक करून सोडवली. डाग मात्र तसाच ठेवला. म्हणाली, “राहू दे. कुणाच्या तरी आईचा आहे.”

*

लर्न. क्रियापद. शिकणे. पान ४८७.

मनकर्णा परीक्षा पास झाल्या आणि त्यांच्या मागं ‘बाई’ हा शब्द कायमचा लागला. सकाळी शाळा, संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी. शिकवणीच्या पहिल्या दिवशी एकच मुलगी आली. वैजयंती. दोन वेण्या, हातात पाटी, आणि डोळ्यांत ‘बघू या, ह्या बाईंना काय येतंय’ असा भाव.

बाईंना तोंडपाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणायचं होतं. घाईत त्या म्हणाल्या, “आय विल लर्न यू इंग्लिश.”

वैजयंतीनं पाटीवरून मान वर केली. “बाई, ते ‘टीच’ हाय की. ‘लर्न’ आमी करायचं.”

शेजारच्या गल्लीतला माग खडाखडा वाजत होता, तेवढाच आवाज. पहिल्याच दिवशी पहिल्याच विद्यार्थिनीनं चूक काढली म्हटल्यावर दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. बाईंनी मला उघडलं. ‘लर्न’ शोधला. पेन्सिलीला टोक केलं. आणि पानाच्या अगदी कडेला, उभ्या अक्षरांत लिहिलं : मनकर्णा.

“हे काय करायलाव, बाई?”

“जो चुकेल त्याचं नाव शब्दाच्या शेजारी. आजपासून हा शब्द माझा. पुढं कुणी ‘लर्न’ चुकलं, तर त्यानं मालकिणीला विचारायचं. म्हणजे मला.”

वैजयंतीनं थोडा विचार केला आणि ती हिरमुसली. “मग मला एकबी शब्द नाय?”

“चुकल्याशिवाय कसा मिळेल?”

मित्रांनो, त्या खोलीचा सगळा कारभार पुढची चाळीस वर्षं या एका नियमावर चालला. दुसरीकडं चुकलं की पोरं बाकाखाली बघतात. आमच्याकडं चुकलं की पोरं पेन्सिल आणायला पळायची. नावं उभी आणि अगदी कडेला लिहायची, असा बाईंचा शिरस्ता होता. अंगठ्यानं माझी पानं भुर्रकन सोडली की कडेनं नावं पळताना दिसायची, जत्रेतल्या गर्दीसारखी.

*

हिअर. क्रियापद. ऐकू येणे. पान ४०२. शेजारी : बसव्वा, नववी अ.

बसव्वा अक्कलकोटकडची. घरात कानडी, गल्लीत मराठी, शिकवणीत इंग्रजी. तीन भाषांचं ओझं घेऊन ती खिडकीशी बसायची आणि खिडकीबाहेर बघायची.

“बसव्वा, लक्ष कुठं आहे?”

“बाई, मी हिअर करायले. पण लिसन व्हईना.”

सगळी खोली हसली. बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, “हसू नका. फरक कळलाय तिला. मागाचा आवाज तुम्हा सगळ्यांच्या कानात शिरतोय का? शिरतोय. तो हिअर. पण त्यात कुणाचा बाप काम करत असेल, तर तो माग थांबला की ज्याची मान वळते, तो लिसन करत असतो. कान उघडाच असतो. लक्ष आपण उघडायचं.”

“मग माझी चूक नाय?”

“चूक नाही.”

“मग नाव?”

बाईंनी पेन्सिल तिच्यापुढं केली. “लिही. नियमाला एखादी खिडकी असावी.”

*

पेशंट, पेशन्स, पीनट. पानं ६११ ते ६२६. नाहीत.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई माहेरी गेल्या आणि उंदरानं ही सोळा पानं खाल्ली. त्याला शेंगदाणा लागला असावा. त्यामुळं ‘पेशंट’ म्हणजे आजारी माणूस आणि ‘पेशंट’ म्हणजे धीराचा माणूस, हे माझ्यात बघून कुणाला सांगता येईना. बाई म्हणायच्या, “धीर ह्या डिक्शनरीत मिळत नाही, पोरांनो. तो घरून आणायचा.”

*

बॉरो. क्रियापद. पान ९१. शेजारी : सिदू, आठवी ब.

आता ज्याच्यामुळं ही गोष्ट घडली, तो येतो.

सिदू माळशिरसकडचा. शिकायला म्हणून मामाकडं शुक्रवार पेठेत राहायला आलेला. पहिल्याच दिवशी त्याचं पेन चालेना. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “बाई, प्लीज बॉरो मी युअर पेन!”

“माझं पेन तुला ‘बॉरो’ करू? अरे, वस्तू कुणीकडं चाललीय ते बघ आधी. तुझ्याकडं येतेय ना? मग तू बॉरो करतोस. माझ्याकडून जातेय, मी लेंड करते. मराठीत आपण दोन्हीला उसनंच म्हणतो, घेतलं काय नि दिलं काय. म्हणून गडबड होते.”

सिदूनं डोकं खाजवलं. “आन् परत नाय दिलं तर, बाई?”

“त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. तो तुझ्या नावावर नको.”

त्या दिवसापासून सिदू ‘बॉरो’चा मालक. तो ही मालकी इतकी मनावर घ्यायचा, की कुणी हा शब्द चुकला तर शिकवणी सुटल्यावर त्याला कोपऱ्यात घेऊन हात इकडून तिकडं नाचवत समजावून सांगायचा. “येतंय, बॉरो! जातंय, लेंड!” ते बघून अजिंक्य नावाच्या पोराला हेवा वाटला. त्यानं एका आठवड्यात सात शब्द चुकवले. ‘क्वाएट’ला ‘क्वाइट’, ‘लूज’ला ‘लॉस’, ‘मार्केट’ला तर चक्क ‘मॅरेज’.

बाईंनी एकही नाव लिहिलं नाही. “मुद्दाम चुकलेल्याला शब्द मिळत नसतो.”

अजिंक्य रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी तो खरोखर चुकला. ‘बाई, आय ॲम व्हेरी बोअरिंग’ असं म्हणाला, आणि बाई म्हणाल्या, “नाहीस रे बाळा. कंटाळा तुला आलाय, तू ‘बोअर्ड’ आहेस. ‘बोअरिंग’ म्हणजे तुझा दुसऱ्याला कंटाळा येतो. आणि मला तुझा कंटाळा कधी आला नाही.” अजिंक्यनं आपलं नाव स्वतःच्या हातानं, जीभ बाहेर काढून, चार वेळा गिरवून लिहिलं.

अशी एकशे त्रेचाळीस नावं झाली. मी मोजली आहेत. माझ्या अंगावर होती ती.

*

यूज. नाम आणि क्रियापद. उपयोग. पान १०३८.

मग फोन आले. शब्द विचारला की फोन लगेच सांगतो, उच्चारूनही दाखवतो. मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण तो बिचारा बाईंकडं यायचा तेव्हा माझ्याच अंगाला टेकून उभा राहायचा. हो, मित्रांनो. जुनी पोरं पुण्याहून, हैदराबादहून व्हिडिओवर बोलायची, आणि फोन घसरू नये म्हणून बाई मला त्याच्यामागं लावायच्या. तेवढा उपयोग उरला होता. माझी पाठ फाटली होती, दोरे लोंबत होते, सुतळीनं बांधल्याशिवाय मला उचलता येत नव्हतं.

शिकवणी बंद झाली. नागनाथ गेले. बाईंची लेक धम्मप्रिया पोस्टात नोकरीला होती, ती आईला सांभाळायला इथंच राहिली.

आणि मग एक दिवस धम्मप्रियानं ऑफिसातून येऊन विचारलं, “आई, कोण आलं होतं? दोन कप दिसतायत.”

बाईंनी कपांकडं बघितलं. मग म्हणाल्या, “हिअर आली होती.”

“कोण?”

“अगं हिअर! खिडकीत बसायची ती.” आणि त्यांनी घाईघाईनं माझी सुतळी सोडली, पान ४०२ काढलं, कडेवर बोट ठेवलं आणि सुटकेचा श्वास सोडून वाचलं, “बसव्वा. नववी अ.”

धम्मप्रिया दारातच उभी राहिली. तिला कळलं. मलाही कळलं. बाईंच्या मनातून नावं गळायला लागली होती. चेहरे पुसट होत होते. चुका मात्र तशाच्या तशा होत्या, ताज्या. माणूस आलं की बाई विचारायच्या, “नाव सांगू नकोस. शब्द सांग.” शब्द सांगितला की मी उघडायचो, जवळजवळ आपोआप. बाई कडेचं नाव वाचायच्या आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते माणूस उगवायचं. सगळं आठवायचं, अगदी वेण्यांच्या रिबिनीसकट.

पाहुण्यांना वाटायचं, बाई खेळतायत. धम्मप्रियानं कुणाला सांगितलं नाही. आईला लाज वाटली असती.

*

मेक. क्रियापद. करणे, घडवणे. पान ५२०.

सिदू आता चाळिशीचा झाला होता. माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार त्याच्याकडं. एका दुपारी तो आला.

“नाव सांगू नकोस.”

“बॉरो!” सिदूनं दारातूनच आरोळी दिली.

पान ९१. “सिदू! आठवी ब! पेन परत दिलंस का रे?”

“बाई, अजून तेच मागायलाव व्हय!” तो त्यांच्या पाया पडला. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. सुतळी, लोंबणारे दोरे. त्याचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि जुनी पोरं जमणार होती. सिदूच्या मनात काय आलं ते मला तिथंच दिसलं.

“बाई, डिक्शनरी आठ दिवस नेऊ का?”

“बॉरो करतोयस?” बाई हसल्या. “ने. पण आण हो परत.”

धम्मप्रिया ऑफिसात होती. ती असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

सिदूनं मला पेठेतल्याच सिद्रामप्पांच्या बायंडिंगच्या दुकानात नेलं. पासष्टीचे गृहस्थ, बोटांना वाळलेली खळ, कपाळावर भस्म. त्यांनी मला उलटंपालटं केलं, नाडी बघावी तसं पाठीवर बोट ठेवलं.

“शिलाई गेलीय. पुट्टा नवा लागतंय. आन् ह्या कडा बगा, पार झिजून गेल्यात. बोटभर कापून सारख्या करू?”

“करा की, अप्पा. एकदम नव्यासारखी पायजे. लाल रेग्झिन, सोनेरी अक्षरं.”

“कडंला पेन्सिलीनं लिवलंय कायतरी.”

“पोरांनी लिवलेलं हाय. आमीच लिवलंय,” सिदू हसला. “जाऊ द्या ते. बाईंच्या हातात सोन्यासारखी वस्तू पडाय पायजे.”

मित्रांनो, माझ्यात चाळीस हजार शब्द आहेत. ‘थांबा’ याला त्यातले निदान सहा आहेत. त्या दिवशी मला त्यातला एकही उच्चारता आला नाही.

सिद्रामप्पांचा हात हलका होता, ते मी कबूल करतो. त्यांनी मायेनं शिवलं, खळ लावली, दाबात ठेवलं. मग मला कापायच्या मशीनखाली सरकवलं, चाक फिरवलं आणि पातं खाली आलं. दुखलं नाही. फक्त कडेनं थंड वारा लागला, आणि उभ्या पट्ट्यांचा एक ढीग खाली पडला.

*

(या पानाला शब्द नाही.)

रविवारी सकाळी पुढची खोली भरली होती. वैजयंती आल्या होत्या, आता स्वतः मुख्याध्यापिका, केस पिकलेले. अजिंक्य आला होता. बसव्वा अक्कलकोटहून दोन नातवंडं घेऊन आली होती. सिदूनं मला रुमालातून काढलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं. लालभडक. सोनेरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. मग सिदूकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, अदबीनं.

“नाव सांगू नका. शब्द सांगा.”

बाईंनी सिदूला ‘अहोजाहो’ केलं. त्यालाही ते जाणवलं. “बॉरो, बाई.”

मी उघडलो नाही. नवी शिलाई, ताठ पाठ. मला कुठंच उघडायची सवय राहिली नव्हती. बाईंनी स्वतः पानं चाळली. पान ९१. बोट शब्दावरून कडेकडं गेलं, आणि कडा संपली. बोट पुढं हवेत गेलं.

त्यांनी दुसरं पान काढलं. तिसरं. मग अंगठ्यानं सगळी पानं भुर्रकन सोडली. कोरी, पांढरी, सारखी कड.

“माझी पोरं कुठं गेली?” बाईंनी विचारलं.

कुणी हसलं नाही. बाई उत्तरासाठी एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या आणि भरलेल्या खोलीत एकही ओळखीचं माणूस त्यांना दिसत नव्हतं.

धम्मप्रियानं सिदूचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं. दार उघडंच होतं, म्हणून सगळ्यांनीच ऐकलं.

“दादा, आई खेळत नव्हती. तिला नावं आठवत नाहीत. कडेचं नाव बघूनच ती तुम्हाला ओळखायची.”

“ताई, मला…” सिदू चप्पल न घालताच पळाला.

*

कीप. क्रियापद. ठेवणे, जपणे. पान ४५६.

सिद्रामप्पांनी काहीच फेकून दिलेलं नव्हतं. कापलेल्या पट्ट्या ते पोत्यात भरून ठेवत; बांगड्यांच्या खोक्यात घालायला एक ओळखीचा माणूस त्या नेत असे. सिदू पोतं खांद्यावर घेऊन आला आणि मागून सिद्रामप्पाही आले, हातात खळीचं भांडं. दारातच थांबले.

“मला इंग्लिश येत न्हाय, बाई,” ते म्हणाले. “पण कडंला लिवलेलं तर मराठीच होतं की. वाचाय पायजे होतं मी. म्या वाचलंच न्हाय.”

बाईंनी त्यांना हातानं आत बोलावलं. “या. बसा. चहा ठेव गं, धम्मा.”

जमिनीवर चादर पसरली. पोतं उपडं केलं. वह्यांच्या, पावतीपुस्तकांच्या, कुणाच्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्यांत माझ्या पट्ट्या मिसळल्या होत्या. पण माझा कागद पिवळा, म्हणून ओळखू येत होत्या. अजिंक्यनं पहिली उचलली आणि मोठ्यानं वाचली. “सुरेखा, दहावी क! पण ही कुठल्या पानाची?”

मित्रांनो, इथं सगळे थबकले. पट्टीवर नाव होतं, शब्द नव्हता. माझ्याकडं शब्द होते, नावं नव्हती. या दोघांची गाठ कुठं होती, ते मला दाखवता येत नव्हतं आणि बाईंना आठवत नव्हतं.

“सुरेखा पुण्याला असतीय,” वैजयंती म्हणाल्या. “लाव फोन तिला.”

फोन लावला. मला उभं करून त्याच्यामागं ठेवलं, सवयीनं.

“सुरेखा, तुझा शब्द कुठला गं?”

“‘अफेक्ट’!” पलीकडून क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं. “मी ‘इफेक्ट’ म्हणाले होते. का? काय झालं? बाई बऱ्या आहेत ना?”

मग फोनवर फोन. सगळ्यांना आठवत होता. लग्नाची तारीख विसरलेल्यांनाही आपला शब्द आठवत होता. सिद्रामप्पा पातळ कागदाचा तुकडा खळीत बुडवून प्रत्येक पट्टी जिथल्या तिथं जोडत होते. “पान सांगा!” ते ओरडायचे, आणि वैजयंती मुख्याध्यापिकेच्या आवाजात पान सांगायच्या. बसव्वाची पट्टी तिच्या नातवाला सापडली. अजिंक्यची चार वेळा गिरवलेली तर लांबूनच दिसली.

“अज्या, लेका, तुझ्या पट्टीला भोक पडलंय गिरवून गिरवून,” सिदू म्हणाला.

“पडू दे. तू तर कापूनच आणलीस, मी नुसतं भोकच पाडलंय.”

सिदूनं मान खाली घातली. बाई हसल्या. मग सगळेच.

पोत्याच्या तळाशी एक पट्टी निघाली. तिच्यावर इयत्ता नव्हती, नुसतं नाव. सिदूनं ती बाईंपुढं धरली.

“बाई, ही तुमची. शब्द कुठला?”

बाईंनी पट्टी हातात घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं. गल्लीत आता मागही नव्हता, की त्याचा तरी आवाज यावा.

“दोन होते,” त्या हळूच म्हणाल्या. “दोनातला माझा कुठला, ते नाही आठवत.”

वैजयंती त्यांच्या शेजारी सरकल्या. “लर्न, बाई. टीच आमी तुमाला सांगितला होता.”

“असं का?” बाईंना खूप आनंद झाला, जसं काही हे त्यांना आजच कळलं. “मग लावा तिथं.”

मग त्यांनी पेन्सिल मागितली. “आज कोण चुकलं?”

सिदू पुढं सरकला.

“मी, बाई,” सिदू म्हणाला.

“कुठला शब्द?”

“रिपेअर.” त्यानं माझ्या लाल पुठ्ठ्याकडं बोट केलं. “मला वाटलं, नवं करायचं म्हंजे रिपेअर.”

बाईंनी पान ७०९ काढलं. या वेळी त्यांनी नाव कडेला लिहिलं नाही. शब्दाला अगदी चिकटून, आतल्या बाजूला, जिथं कुठलंच पातं पोचणार नाही तिथं लिहिलं : सिदू.

“आता तुझे दोन झाले,” त्या म्हणाल्या. “पेन दिलंस का परत?”

*

मित्रांनो, आता मी असा दिसतो : अंगावर लाल रेग्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि कडेनं एकशे चौतीस पिवळ्या जिभा बाहेर काढलेल्या. शोभत नाही. पण मला मिटून ठेवलं तरी नावं दिसतात. बाईंना पानं चाळावी लागत नाहीत. पोरगं शब्द सांगतं, बाई जीभ धरून ओढतात. जोडलेल्या पानांना जाडी आली आहे, त्यामुळं मी पुन्हा आपोआप उघडायला लागलो आहे. बहुतेक वेळा ‘रिपेअर’च्या पानावर, ७०९ वर; बाईंचा हात तिथं जास्त जातो.

जुनी वस्तू दुरुस्त जरूर करा. फाटलेल्याला शिवा, सुटलेल्याला चिकटवा, मला ते हवंच होतं. पण तिच्यावर जे मळल्यासारखं, गिचमिड केल्यासारखं दिसतं, त्याला हात लावण्याआधी ती ज्यांच्या हातात राहिली, त्यांना एकदा विचारा. तो डाग कदाचित कुणाच्या तरी आईचा असेल.

नऊ पट्ट्या अजून जोडायच्या राहिल्या आहेत. नावं आहेत, पण त्यांचे फोन लागत नाहीत. धम्मप्रियानं त्या पोस्टाच्या पाकिटात घालून माझ्या शेवटच्या पानात ठेवल्या आहेत. सिद्रामप्पांनी खळीचं भांडं इथंच ठेवलंय.

तुमच्या ओळखीचं कुणी लहानपणी शुक्रवार पेठेत, पुढच्या खोलीत, बाईंकडं इंग्रजी शिकलं असेल, तर त्यांना पाठवून द्या. संध्याकाळी दार उघडंच असतं. आत आल्यावर नाव सांगायची घाई करू नका म्हणावं. शब्द सांगा.